हजारी

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्याच्या वर,
पत्र्याच्या खोलीत बसून मी हवेत दुकान मांडतो.
चष्मा चढवला की भिंतीपुढं चादरी लटकतात,
अजून न विणलेल्या, बिनवजनाच्या.
गिऱ्हाइकानं परमुलखात बसून नुसतं दाखवायचं:
ही. हिचा काठ. काठातला हा मोर.
मोराचा डोळा तेवढा लाल करा.

डोळ्यापाशीच घोडं अडतं.
हातातून निघालेला किरण जवळ असतो तोवर सरळ,
चार हातांवर गेला की प्यायल्यासारखा झुलतो.
मनगट तांदळाएवढं हललं
तर मोर सुटून शेजारचं कमळ उजळतं.
त्यात चिमटी मिटताना हात हलतोच,
हो म्हणायच्या धक्क्यानंच नेम चुकतो.
त्यावर मी तोड काढली:
मिटण्याआधी, पापणीभर आधी,
किरण जिथं होता ती जागा खरी धरायची.
माणसांच्या बाबतीत असं करता आलं असतं तर,
असंही वाटून गेलं. पण ते जाऊ दे.

दुपारी तीनला खांदा भरून येतो.
पत्रा तापलेला, खाली माग खडखडतायत,
आणि मी हात वर धरून उभा,
वरातीतल्या बत्तीवाल्यासारखा.
यंगल म्हणाला, आपल्याला सवय झालीय दुखायची.
सवय नसलेलं कुणीतरी बसव.

रविवारी विडी घरकुलातून राजमणी चिप्पा आल्या.
खुर्ची नको म्हणाल्या, भिंतीला टेकून खालीच बसल्या.
अंबाड्यावरून पट्टा जाईना, सैल केला.
“डोळ्यावर इस्त्री ठेवलास की रे.”
मावशी, आता हात वर करा.
“कशाला?”
काय पाहिजे ते दाखवायला.
“दिसायलंय की मला. दिसायलंय त्याला
हात कशाला उचलायचा?”

आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले,
जिथं चाळीस वर्षं सूप असतं तिथं.
कोपरं बरगडीला, मान थोडी खाली,
अंगठा आणि पहिलं बोट एवढंच जागं:
पान वळून झाल्यावर विडीचं तोंड दुमडतात
तेवढीच हालचाल. आवाज नाही. दम नाही.
माझ्या किरणाला त्यांचा हात सापडेचना.
तो हवेत शोधत होता.

सोमवारी, मंगळवारी मी किरणच काढून टाकला.
नजरेनं धरायचं, बोटांनी फक्त होकार द्यायचा,
आणि खालच्या कॅमेऱ्याला सांगितलं, मांडीकडे बघ.
सगळा कार्यक्रम नव्यानं लिहिला, एका बाईच्या बसण्यावरून.

पुढच्या रविवारी बेचाळीस मोर लावले.
राजमणी मावशींनी एकेचाळीस डोळे टिपले.
मधेच चहाही घेतला, डाव्या हातानं, बशीत ओतून.
मी म्हटलं, एक राहिला.
“राहिला नाही. छाटला.
त्याची मान वाकडी हाय, बघ की.”
बघितलं. दोन धागे उजवीकडं सरकले होते.
चार महिने मी रोज त्याच मोरावर नेम धरत होतो.

त्यांनी चष्मा काढला. कपाळावर पट्ट्याचा वळ.
बोटं पदराला पुसली, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.
कारखान्यात त्यांच्या विड्या निवडणारा वेगळा असतो,
तो मूठभर उचलतो, छाट म्हणतो,
आणि छाटलेल्याचे पैसे नसतात, एवढं मला माहीत होतं.

“चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “पाठ दुखत नाही.
ह्याची हजारी किती?”

यंगलनं माझ्याकडं बघितलं.
मी आकडा सांगायला तोंड उघडलं,
आणि मिटण्याआधी, पापणीभर आधी,
जिथं होतो
तिथंच.